पाणी लाल झालं होतं

आमच्या चर्चमध्ये पाहुण्या वक्त्याला भर सभेत त्याआधी कधी कुणी अडवलं नव्हतं. मिस वर्लीन टॅकेटने अडवलं, आणि तेही त्याच्याच बाजूची असून.

वय बासष्ट, नवरा वारलेला (आमच्याकडे लग्न झालेल्या बायकांनाही मानाने मिसच म्हणतात), गावाला पाणी पुरवणाऱ्या केंद्रात पस्तीस वर्षं पाणी तपासायची नोकरी. चर्चमधला बायकांचा बायबलवर्ग तीच घ्यायची. सगळे जीव देवाने घडवले, यावर तिचा ठाम विश्वास. माकडाचा माणूस झाला असं कुणी म्हटलं की म्हणायची, "तुमच्या घराण्याचं मला माहीत नाही बाई, आमचे टॅकेट मात्र पहिल्यापासून असेच दिसतात."

एप्रिलमध्ये टेक्सासहून ब्रदर कॉयल उत्क्रांतीविरुद्ध व्याख्यान द्यायला आले. पडद्यावर चित्रं, खणखणीत आवाज. मी पियानोपाशी बसले होते. त्यांनी काचेच्या चंबूचं चित्र दाखवलं.

"शास्त्रज्ञ सांगतात, वायू आणि पाणी कोंडून आत विजेच्या ठिणग्या सोडल्या की जीवनाचे घटक तयार होतात. मंडळी, असं कधी झालंच नाही! निव्वळ थाप!"

"आमेन!" सभा गरजली.

दुसऱ्या रांगेतून मिस वर्लीन उठली. "ब्रदर कॉयल, हा प्रयोग मी स्वतः केलाय."

मी पियानोवरून वळून तिच्याकडे पाहिलं.

"शहात्तर साली, कॉलेजात. आठवडाभर ठिणग्या सोडल्या. पाणी आधी गुलाबी झालं, मग लाल. तपासलं तर कागदावर अमिनो आम्लांचे जांभळे डाग उमटले."

ब्रदर कॉयल हसले. "म्हणजे बाई, तुम्ही त्यांच्यातल्या?"

"मी कुणातली ते देवाला ठाऊक आहे. त्या चंबूत काही वळवळलं नाही. पस्तीस वर्षं पाण्यात जंतू शोधतेय मी. सापडला की कुठला पाइप फुटलाय ते बघते. आपोआप उपजला असं एकदाही लिहिलं नाही. त्या डागांपासून जिवापर्यंत कसं पोचायचं हे त्यांना अजून दाखवता आलेलं नाही. एवढंच सांगा ना! देवाची बाजू मांडायला खोटं कशाला लागतं?"

नंतरच्या जेवणात तिच्या टेबलाशी कुणी बसलं नाही. मीही नाही. तळलेली कोंबडी घेऊन मी लांबच उभी राहिले, याची लाज मला आजही वाटते. ती एकटी केळ्याचं पुडिंग खात होती, चवीने.

आमचे पास्टर ब्रदर हॉइट तिच्यासमोर येऊन बसले. "मिस वर्लीन, पाहुण्यांची माफी मागा. नाहीतर वर्ग दुसऱ्या कुणाकडे द्यावा लागेल."

"द्या."

"आणि माफी?"

"पाणी लाल झालं होतं, ब्रदर हॉइट. माफी मागितली तर ते नितळ होणार आहे का?"

बातमी गावभर झाली. हायस्कूलात जीवशास्त्र शिकवणारी तिची भाची डार्सी हरखून धावत आली. मी तेव्हा वर्लीनच्या घरीच तिच्यासोबत मटार सोलत होते.

"मावशी, उत्क्रांती शिकवायची की नाही ते ठरतंय, शाळेच्या समितीपुढे आमच्या बाजूने बोल. तुझं ऐकतील."

"काय बोलू? जीव आपोआप झाला म्हणून?"

"तुझी पस्तीस वर्षं म्हणजे काय गं? समुद्रांना कोट्यवधी मिळाली!"

"मिळाली असतील. मला नाही पटत."

"पुरावे बघ तरी!"

"पुस्तकं आण, वाचते. पण पटल्याशिवाय मान डोलावणार नाही. तिकडे डोलावली नाही, मग इकडे का डोलावू?"

डार्सी चिडून निघाली. वर्लीनने तिच्या हातात मटारांची पिशवी कोंबली.

वर्ग पास्टरांच्या बायकोकडे, मिस लॉरेटाकडे गेला. मला वाटलं, वर्लीन आता दुसरं चर्च धरेल. पुढच्या रविवारी ती पहिल्या खुर्चीवर, वही उघडून बसलेली. मी या वेळी तिच्या शेजारी बसले. मिस लॉरेटाने ब्रदर कॉयल यांची पुस्तिका वाचायला घेतली. दुसऱ्याच पानाला वर्लीनचा हात वर गेला.

मिस लॉरेटाने उसासा टाकला. "बोला, मिस वर्लीन."

"'असा प्रयोग कधी झालाच नाही' हे वाक्य चूक आहे. खोडा, मग पुढे वाचा."

मिस लॉरेटा पुढे वाचत राहिली. वर्लीनचा हात वरच होता.