काकूंची शेकायची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी शेकायची पिशवी आहे. रबराची, विटकरी रंगाची, पोटावर उभ्या रेघा आणि तोंडाला घट्ट बूच. औषधांच्या दुकानातून पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मला घरी आणलं. घरात एक असलेली बरी, इतकाच त्यांचा विचार. पण उपयोगाची वस्तू कधी एका घरात टिकते का? बघता बघता मी साऱ्या इमारतीची झाले.

ते दिवस खरंच सुखाचे होते. कुणाची मान अवघडली, कुणाच्या पोटात कळ आली, बाळंतिणीची कंबर धरली, की जिन्यातून हाक यायची, "काकू, पिशवी आहे का हो?" माणसं मला पोटाशी धरून झोपायची आणि सकाळी तोंड भरून कौतुक करायची. मी नुसती फुगून जायचे.

मग साखर आली. डब्यातली नव्हे, रक्तातली. आधी एकदोघांना होती, तेव्हा ते ती लपवायचे. पुढे घरोघरी मातीच्याच चुली! जिन्यात दोघे भेटले की "जेवलात का?" च्या आधी "तुमची किती आली?" ज्याची कमी, तो मान ताठ करून वर जायचा. पथ्य दुसऱ्याला सांगावं आणि आपण गोड चहा प्यावा, अशी रीतच पडली. मला येणारी हाकही बदलली. मान नाही, कंबर नाही. "यांचे पाय बघा ना, कसे गारठलेत," एवढंच.

काकूंच्या नवऱ्याचे पायही तसेच. एकदा काकूंनी उकळतं पाणी भरून मला त्यांच्या पायाशी ठेवलं. काका गाढ झोपले. पायाचा अंगठा माझ्यावर भाजत होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. साखरेनं पाय बधिर केले होते. जखम चिघळली, अंगठा कापावा लागला. "खिळा लागला," असं काकूंनी सगळ्यांना सांगितलं. काकांनाही ते खरं वाटलं. मला मात्र धुऊन पुसून खुंटीला अडकवलं.

तळमजल्यावर शिंपीदादा राहायचे. मशीन पायाची. पाय चालला तर घर चालायचं, इतका सरळ हिशेब. हल्ली ते म्हणायचे, "जमीन पायाला लागतच नाही. गादीवर उभं राहिल्यासारखं वाटतं." एक दिवस वहिनी, म्हणजे त्यांची बायको, काकूंकडे आली.

"काकू, पिशवी द्या ना. यांचे पाय गार पडलेत, मशीनवर ठरत नाहीत."

काकूंचा हात खुंटीपाशी थांबला. मला वाटलं, आता बोलतील. अहो, एका वाक्याचं काम होतं! पण ते वाक्य तोंडातून निघालं असतं, तर खिळा खोटा पडला असता.

"ने की," काकू म्हणाल्या. "पाणी बेताचं घाल हो."

बेताचं म्हणजे किती, ते वहिनीनं आपल्या हातावरून ठरवलं. आणि हात तरी कसला? वर्षानुवर्षं इस्त्री फिरवून चटक्यांना सरावलेला. त्या हाताला मी कोमट लागले.

"वा! किती बरं वाटतंय," दादा म्हणाले. कसलं बरं आणि कसलं काय, त्यांना काही लागतच नव्हतं! बायकोचं मन राखायला म्हणाले झालं. तिला हुरूप आला. तिनं मला रोज भरलं आणि मी रोज ती टाच भाजली. मायेच्या हातांनी माझ्याकडून इतकं वाईट काम करून घेतलं. टाच कुणी उलटून बघतं का? वास आला तेव्हा बघितली.

दवाखान्यातही पाय गार पडले तर असावी, म्हणून वहिनीनं मला थैलीत घालून नेलं. दादांना मलमपट्टीला आत नेलं आणि डॉक्टर तिच्याकडे वळले.

"पाय शेकला होता का?"

त्यांच्या आवाजावरूनच तिला काय ते कळलं. "नाही," ती म्हणाली.

"या खोलीत बघा, ताई. खाटा पुरत नाहीत. यातल्या निम्म्या पायांना घरच्यांनीच चटका दिलाय, मायेपोटी. बधिर पायाला कळत नाही हो."

वहिनीनं थैली पायानंच खाटेखाली सारली. दादांचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

आता दादा दारात खुर्ची टाकून बसतात. मशीनवर चादर पडली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "हिनं काही कमी केलं नाही हो. रोज पाय शेकायची. त्या शेकानंच गुडघा तरी वाचला!" आत वहिनी घासलेलंच भांडं पुन्हा घासत बसते. खरं सांगितलं तर ते तिच्याकडे कसे बघतील, याची तिला भीती वाटते. मला तिची कीव येते आणि रागही येतो.

आज ती मला परत करायला काकूंकडे गेली. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांची सून धावत आली.

"काकू, पिशवी! आमच्या सासऱ्यांचे पाय गार पडलेत. दादा सांगत होते, शेकानं गुण येतो."

काकूंनी वहिनीकडे बघितलं. वहिनीनं काकूंकडे. दोघींना सगळं ठाऊक होतं, आणि आपल्यासारखंच दुसरीलाही ठाऊक आहे, हे दोघींना त्याच क्षणी उमगलं. काकूंनी मान खाली घातली. वहिनीनं मला सुनेच्या हातात दिलं.

"न्या," ती म्हणाली. "परत करायची घाई नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, फेकू नका. मी तसं म्हणणार नाही. मी आत्ता मास्तरांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पडले आहे. माझं तोंड बुचानं बंद आहे, तुमचं तर उघडं आहे ना? मग सांगा घरातल्या मोठ्यांना, की साखरेच्या पायाला शेक द्यायचा नसतो, तो रोज उलटून बघायचा असतो. ऐकलं नाही, तर शिवणाच्या डब्यातली सुई घ्या आणि माझ्या पोटात खुपसा. जरा लवकर करा. पाण्याला उकळी फुटली आहे.