चारही कोपरे

ब्लेडच्या टोकाने त्याने नव्या टेबलावरच्या प्लास्टिक फिल्मची कड उचलली, दोन बोटांत धरली आणि एकाच लांब, सरळ ओढीत अख्खे टेबल उघडे केले. पारदर्शक पापुद्रा सळसळत त्याच्या मनगटाभोवती गोळा झाला. खालचा काळसर हिरवा पृष्ठभाग उन्हात पहिल्यांदाच डोळे उघडल्यासारखा दिसला.

"अहो, ती कशाला काढता?" खानावळीची मालकीण दारातूनच म्हणाली. "राहू द्या की थोडे दिवस. नव्याची नवलाई तेवढीच."

"नवलाई टेबलाची असते, बाई. फिल्म उन्हात भाजते आणि चिकटून बसते. मग ना नखानं निघत, ना पाण्यानं. लावल्या दिवशीच काढायची."

"आणि रंगाचं काय? आमचं सगळं अंगण उघडं. आधीची टेबलं वर्षात म्हातारी झाली."

टेबलाखाली बसून स्क्रू आवळणारा मिस्त्री पुटपुटला, "झालं. विचारलं का बाईंनी."

फिल्म काढणारा कारखानदार कंबर सरळ करून उभा राहिला. या एका प्रश्नाने तो नेहमीच दुखावल्यासारखा होई.

"आमच्या टॉपचा रंग जात नाही. उन्हानं नाही, पावसानं नाही. गेला, तर टेबलं उचलून नेईन आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही."

"म्हणजे नवऱ्यापेक्षा भरवशाचं म्हणा," मालकीण म्हणाली. टेबलाखाली मिस्त्री हसला आणि त्याचा पाना हातातून सुटला.

परतताना टेम्पो मिस्त्री चालवत होता. बराच रस्ता मागे पडल्यावर त्याने विचारले,

"मालक, एक बोलू?"

"नको."

"बरं." एक वळण गेले. "फिल्म काढा म्हणून लोकांना घसा फोडून सांगता, आणि घरी गच्चीवर…"

"नको म्हटलं ना."

"मी कुठं बोललो? मी आपला गाडी चालवतोय."

गच्चीवरचे टेबल चौकोनी होते. लांबी तेवढीच रुंदी. लोखंडी पायांवर जाड टॉप, ओल्या पाटीच्या रंगाचा. तो रंग त्याच्या मुलीने निवडला होता. ती लहानपणी कारखान्यात यायची ती केवळ फिल्म काढायला. टॉपसाठी आलेल्या प्रत्येक शीटची पहिली कड तिची, हा तिचा हक्क होता. कामगार तो मोडत नसत. काही ना काही कुरतडत बसण्याच्या या सवयीवरून मिस्त्रीनेच तिचे नाव खारूताई ठेवले. पुढे ती मोठी झाली, नोकरीला लागली, तरी घरात नवी वस्तू आली की आई कात्री लपवून ठेवी आणि म्हणे, "थांबा, खारू येऊ दे."

आजारपणात इस्पितळात तिला मिळालेल्या खोलीची खिडकी दुसऱ्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती. त्या भिंतीकडे पाहत तिने एकच गोष्ट मागितली. घरी आल्यावर उन्हात बसायचे, गच्चीवर, आपल्या टेबलाशी. त्याने कारखान्यातली सर्वांत उत्तम शीट काढली. गिऱ्हाइकाला दाखवताना जिच्यावरून तो नुसता हात फिरवी, ती.

उपचारांच्या मधल्या उसंतीत ती घरी आली. गच्चीपर्यंत चढताना तीनदा थांबली. मग खुर्चीत बसून तिने टेबलाच्या एका कोपऱ्याची फिल्म नखाने उचलली आणि सोलत गेली. तळहाताएवढा त्रिकोण उघडा झाला. तेवढ्यात हात थकला. सुटलेला तुकडा तिने हसून बापाच्या खिशात कोंबला.

"बाकीची पुढच्या खेपेला. कुणी हात लावायचा नाही हं, बाबा."

पुढची खेप आली नाही. टेबलाला कुणी हात लावला नाही. दोन उन्हाळे त्यावरून गेले. फिल्म आधी पिवळी पडली, मग पांढुरकी, मग तिला भेगा पडल्या आणि भेगांत मळ धरला. त्या एका कोपऱ्यात तेवढी ओली पाटी लखलखत होती, जशी काही आत्ताच कुणी पुसली आहे.

त्या संध्याकाळी तो गच्चीवर आला, तेव्हा बायको टेबलापाशी उभी होती. तिने ओले फडके आणले होते. पुसण्यासारखे काही नव्हते.

"मला इथं बसायचंय," ती म्हणाली.

"बस की. खुर्ची देऊ?"

"असं नाही. थाळी मांडून बसायचंय. दोघांनी."

त्याने खुर्ची टेबलापासून जरा मागे ओढली.

"अहो, तुम्ही तिचा शब्द पाळताय, कळतं मला. पण तिनं टेबल मागितलं होतं. फिल्म नव्हती मागितली."

त्याने फडके तिच्या हातातून घेतले, घडी घातली, पुन्हा उलगडले. फिल्म निघाली की तिच्या हाताने उघडा झालेला कोपरा आणि उरलेले टेबल एक होईल, याची भीती त्याने आजवर स्वतःलाही सांगितली नव्हती. मग त्याच्या मनात एक आशा हळूच येऊन बसली, आणि ती धंद्यातल्याच माहितीतून आली होती. झाकलेला भाग आणि उघडा भाग कधी एकसारखे म्हातारे होत नाहीत.

"तिचा कोपरा दिसेल," तो म्हणाला. "उघडा होता ना तो. बाकीच्यापेक्षा थोडा फिका झाला असणार."

"तुमचा रंग तर जात नाही."

"दोन उन्हाळे गेलेत, अगं."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने होकाराची मान हलवली.

इतकी भाजलेली फिल्म गच्चीवर निघणे शक्य नव्हते. सकाळी टॉप पायांवरून सोडवून त्याने आणि मिस्त्रीने कारखान्यात नेला आणि लांब ओट्यावर ठेवला. मिस्त्रीने गरम हवेची बंदूक लावली, पण सुरू केली नाही. कानामागचा खडू काढून तो म्हणाला,

"खालच्या बाजूला खूण करून ठेवू का, मालक? खारूचा कोपरा कुठला ते. काम करताना फिरवावा लागेल."

"काय गरज? दिसेलच की."

"तरी आपलं…"

"दिसेल, म्हटलं."

मिस्त्रीने खडू पुन्हा कानामागे अडकवला.

पहिली काही मिनिटे मालक स्वतः खरवडायची पट्टी घेऊन उभा राहिला. फिल्म एका ओढीत निघत नव्हती. पापुद्रे पडत होते, नखाएवढे, वाळलेल्या खपलीसारखे. त्या सळसळत्या लांब आवाजासाठी एक पोर शाळेतून धावत यायची, आणि इथे नुसती खरवड होती. त्याने पट्टी ओट्यावर ठेवली आणि मागच्या आवारात जाऊन उभा राहिला. तिथे कापलेल्या शीटचे तुकडे रचून ठेवले होते. वर्षानुवर्षे उघड्यावर पडलेले, सगळे जसेच्या तसे. आतून बंदुकीची घरघर येत राहिली, मग पाण्याचा आवाज, मग काहीच नाही.

"झालं, मालक."

टॉप धुऊन, पुसून दारालगत भिंतीला टेकवला होता. त्याच्यात आकाशाचा एक तुकडा पडला होता. तो जवळ गेला. वाकला. वरच्या दोन कोपऱ्यांवरून हात फिरवला, मग खाली बसून खालच्या दोन. डोळा टॉपच्या पातळीला आणून तिरक्या उजेडात पाहिले. मिस्त्रीला सांगून तो उन्हात नेला. चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

चारही कोपरे एकसारखे होते.

त्याने टॉप उलटा केला. खाली पायांसाठी भोके होती, चारही बाजूंना नेमक्या सारख्या अंतरावर. ती त्याचीच शिस्त. टॉप कसाही फिरवला तरी बसला पाहिजे, असे तो प्रत्येक नव्या कामगाराला शिकवत आला होता.

"कुठला होता?" त्याने विचारले.

मिस्त्रीने हात पुसले, पुन्हा पुसले. "सुरुवातीला दाराकडं होता. मग फिरवला. फिल्म निघाली तसा तोही… मला वाटलं, तुम्ही म्हणालात दिसेल, म्हणून…"

"हो. मीच म्हणालो."

"साधा माल असता, तर डाग पडला असता, मालक."

"हो," तो म्हणाला. टॉपच्या काळ्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला. "माल चांगला आहे."

दुपार कलता कलता टॉप पुन्हा गच्चीवर चढला. मिस्त्रीने स्क्रू आवळले. चहाला थांबा म्हटले, तर कामाचे निमित्त सांगून तो जिना उतरून गेला. जाताना टेबलाला एकदा हात लावून गेला.

बायको दोन थाळ्या घेऊन वर आली. टेबलाकडे पाहून ती पायरीवरच थबकली. इतके नवे काही त्या घरात बऱ्याच दिवसांत आले नव्हते. थाळ्या तिने कठड्यावर ठेवल्या, पदराला हात पुसले आणि टेबलाभोवती एक संथ फेरी मारली.

"तिचा कुठला हो?"

तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. हाताशी जो कोपरा होता, त्यावर त्याने तळवा ठेवला.

"हा."

ती आली. त्याचा हात तिने अलगद बाजूला केला आणि खाली वाकून पाहू लागली. खूप वेळ पाहिले. या माणसाबरोबर तिचा सगळा संसार झाला होता. त्याच्या टॉपच्या रंगाविषयी शंका घेणाऱ्या पाहुण्यांशी तो जेवणाच्या पानावर बसून भांडलेला तिने पाहिला होता. बोटांच्या टोकांनी तिने हवेतच, टेबलाला न टेकवता, एक त्रिकोण आखला.

"दिसतोय," ती म्हणाली. "फिका झालाय थोडा. नाही?"

ऊन टेबलावर सगळीकडे सारखे पडले होते.

"हो," तो म्हणाला. "थोडा गेलाय रंग."

मग तिने थाळ्या मांडल्या, त्या कोपऱ्यापासून जरा दूर.