वारा बरोबर होता

"वर धरा वहिनी, अजून थोडं वर," नवनाथ म्हणाला आणि शुभांगीने ट्रेलरच्या टपावरून घसरत येणारं ग्लायडरचं ते लांबलचक गाठोडं खांद्यावर घेतलं. पुढचं टोक नवनाथच्या खांद्यावर, मागचं तिच्या. एरवी तिच्या जागी तिचा नवरा रंगनाथ असायचा. आज तो बाजूला उभा राहून दोर नीट सुटले की नाही ते बघत होता. हात पॅन्टच्या खिशात.

ट्रेलर त्याचाच. जुन्या गाडीचा सांगाडा भंगारातून आणून त्याने त्यावर प्लायवूडची खोली चढवली होती. आत दोघांपुरत्या फळ्या, बाहेर उघडणारा ओटा, ओट्यावर स्टोव्ह. ओझरच्या कारखान्यात आठवडाभर विमानांचे पत्रे जोडायचे आणि सुट्टीला हे उद्योग करायचे, असा त्याचा खाक्या. पावसाळा सरला की शनिवारी नवनाथच्या जीपला ट्रेलर जोडायचा, घोटीच्या पुढे या पठाराच्या पायथ्याशी मुक्काम करायचा आणि रविवारी सकाळी ग्लायडर घेऊन वर चढायचं. दोघे मित्र आळीपाळीने उडत. शुभांगी खाली कापणी झालेल्या भातखाचरांतून उतरण्याच्या जागेकडे पळत सुटे. रंगनाथ-शुभांगीला मूल नव्हतं. कोणी विचारलंच तर रंगनाथ म्हणायचा, "आहे की, टपावर बांधलंय."

गेल्या दिवाळीच्या आसपास त्याच्या हातून हत्यारं निसटायला लागली. मग चहाचा कप. मुंबईच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि नसा वाळत चालल्याचं सांगितलं. आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग सगळंच. औषध नाही. डॉक्टर इतक्या हळू आवाजात बोलत होते की शुभांगीला आधी वाटलं, फार काही नसावं.

तेव्हापासून रंगनाथने कशाचाच हट्ट धरला नव्हता. म्हणून परवा तो "एकदा पठारावर जाऊन येऊ" म्हणाला, तेव्हा ती लगेच हो म्हणाली. त्याला नुसतं बघायचं असेल, असं तिने गृहीत धरलं.

चढण नेहमीचीच होती, पण आज ती संपेना. कारवीच्या वाळक्या काड्या पायाखाली मोडत होत्या. रंगनाथ दर वळणाला बसायचा. ते बसणं दिसू नये म्हणून नवनाथही ओझं खाली ठेवायचा आणि विडी पेटवायचा.

"लय ऊन हाय आज," तो म्हणायचा. ऊन तसं फारसं नव्हतं.

माथ्यावर पोचल्यावर समोरून वारा आला. पश्चिमेचा, सरळ, एकसारखा. खाली धरणाचं पाणी चकाकत होतं आणि कड्याच्या पुढे एक घार पंख न हलवता तरंगत होती. नवनाथने ग्लायडर उलगडला, नळ्या सरळ केल्या, तारा ताणल्या. रंगनाथ दगडावर बसून सांगत होता, हे आधी, ते नंतर. पंख उभे राहिल्यावर तो उठला.

"आधी मी जातो."

नवनाथने शुभांगीकडे बघितलं.

"रंगा, उतरताना दांडी जोरात ढकलायला लागती. तुला ठाऊक हाय."

"वरून खाली यायला हात कशाला लागतात? वजन इकडून तिकडे सरकवायचं, बस्स. एकदाच, नवनाथ."

नको म्हणणं शुभांगीला शक्य होतं. शब्द तोंडात आलेही होते. पण कित्येक महिन्यांनी त्याच्या तोंडी 'मी' आला होता. तिने पट्ट्यांचा तो जाड अंगरखा त्याच्या अंगात चढवला, छातीवरची, मांड्यांवरची बकलं एकेक करून लावली. शेवटी पाठीवरच्या पट्ट्याच्या टोकाची कडी राहिली. ती पंखाखालच्या फासात अडकवायची. माणूस ग्लायडरला लटकतो तो तेवढ्याच जोडावर.

"ती मी लावतो," तो म्हणाला आणि पंखाखाली शिरला. तिची त्याच्याकडे पाठ होती, तरी त्याचा श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "लागली."

"लोंबून बघ एकदा," नवनाथ म्हणाला.

"बघितलं. तू पुढे हो, तारा धर."

नवनाथ पुढे गेला. शुभांगी पंखाच्या मागे आली आणि तिला ती दिसली. कडी त्याच्या कमरेमागे उघडी लोंबत होती, वाऱ्याने जराशी हलत. वरचा फास रिकामा होता. तो कड्याकडे धावला असता, तर पंख वर गेले असते आणि तो एकटाच खाली.

ती ओरडली नाही. पुढे झाली, कडी उचलली, फासात घातली आणि तिचं मळसूत्र घट्ट पिळलं. पट्टा ताणला गेला. तो ताण त्याच्या पाठीला जाणवला असणार. त्याने मागे वळून बघितलं नाही. फक्त खांदे हळूच खाली आले.

मग रंगनाथ म्हणाला, "नवनाथ, राहू दे. वारा बरोबर नाही."

वारा बघायला काठीला बांधलेली फीत समोरून सरळ ताठ उडत होती. नवनाथ तिच्याकडे बघत राहिला.

"हो," तो म्हणाला. "बरोबर नाही."

पण तारा त्याने सोडल्या नाहीत. शुभांगीने मागून सगळे पट्टे सोडवले, रंगनाथ पंखाखालून बाहेर आला आणि पुन्हा त्या दगडावर जाऊन बसला, तोवर नवनाथने त्या तशाच धरून ठेवल्या होत्या.

खाली उतरल्यावर नवनाथ दूध आणायला वस्तीकडे गेला. त्याला दूध नको होतं, हे दोघांनाही कळलं. रंगनाथ ट्रेलरच्या पायरीवर बसला. शुभांगीने तांदूळ धुतले, पाणी ओतून दिलं, पुन्हा धुतले.

"बोटांना जमलं नाही," तिने विचारलं, "की..."

तो खाचरांकडे बघत होता. तिथे एक म्हातारी जळणाला शेण्या गोळा करत फिरत होती. ती बांध ओलांडून पलीकडे गेली.

"जमलं नाही असं धर."

"धरलं."

"आता पुढे मुद्दाम करायचं म्हटलं तरी जमायचं नाही, शुभा."

तिचा हात तांदळातच थांबला. तो रागावलेला नव्हता. उद्या सुट्टी नाही, अशा आवाजात त्याने ते सांगितलं होतं. पुन्हा तशी कडी दिसली, तर आपण पुन्हा लावू, हे तिला माहीत होतं. त्यालाही माहीत असावं.

तिने स्टोव्हला पंप मारला, पातेलं चढवलं आणि त्यात तांदूळ टाकून पाणी घातलं. मग आणखी तांब्याभर घातलं.

"एवढं पाणी?" तो म्हणाला.

"भात मऊ होऊ दे," ती म्हणाली. "आता मऊच करायचा."