क्लॅरीला हवं असलेलं यंत्र

क्लॅरीने आयुष्यभर ऑस्ट्रेलियात पोर्ट ऑगस्टाहून डार्विनपर्यंत ट्रक हाकले होते. नकाशा उघडून बसणाऱ्यांची तो यथेच्छ टर उडवायचा. त्यामुळे शनिवारी टोस्टला लोणी लावता लावता तो म्हणाला, "गाडीला ते रस्ता सांगणारं यंत्र घेऊ या," तेव्हा त्याच्या बायकोच्या, नोरीनच्या मनात पाल चुकचुकली.

हल्ली तो डोंगरापलीकडच्या क्वॉर्नला मित्राकडे जायचा आणि फार उशिरा परतायचा. विचारलं की, "गप्पा लांबल्या." तिने सहज म्हणून मित्राच्या बायकोला फोन केला, तर ती म्हणाली, "क्लॅरी ना? तो तर जेवणाआधीच निघाला की!"

नोरीन त्याच्याबरोबर दुकानात गेली ती पहारा ठेवायलाच.

"फोनवर दिसतो की रस्ता," ती म्हणाली.

"डोंगरापलीकडे रेंज नसते."

"आणि डोंगरापलीकडे तुझं काय अडलंय एवढं?"

क्लॅरी सरळ काउंटरकडे गेला. दुकानातल्या मुलीने एक मोठ्या पडद्याचं, एक गाडीमागे फिरतं घर ओढणाऱ्या कॅरॅव्हॅनवाल्यांचं, एक साधंसं, अशी यंत्रं मांडली. रहदारीबद्दल, वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल ती भरभरून सांगत होती. क्लॅरीचं लक्षच नव्हतं.

"घराचा पत्ता एकदा घातला की राहतो ना?"

"हे घराचं चित्र दाबायचं. कुठूनही थेट घरी."

"कुठे कुठे गेलो तेही राहतं का गं यात?" नोरीनने विचारलं.

"राहतं. नको असेल तर पुसताही येतं."

"पुसताही येतं म्हणे," नोरीन नवऱ्याकडे बघत म्हणाली. क्लॅरीने साधं, ठळक अक्षरांचं यंत्र उचललं.

गाडीत स्टिअरिंगपुढे बसून तिने किल्ली मुठीत धरली. "कोण आहे ती?"

"कोण ती?"

"क्वॉर्नची. मला मूर्ख समजू नकोस, क्लॅरी."

तो आधी हसला. मग मांडीवरच्या खोक्याकडे बघत बोलला.

"क्वॉर्नहून परतताना मला वळण आठवलं नाही गं. घरी यायचं सोडून उलट्या दिशेला थेट हॉकर गाठलं. तिथल्या पेट्रोल पंपावर बसून राहिलो. विचारणार कोणाला? तिथले सगळे ओळखतात मला."

"एकदाच झालं असेल."

"नाही."

नोरीनला क्षणभर वाटलं, कोणी बाई असती तर बरं झालं असतं. तिच्याशी निदान भांडता तरी आलं असतं.

तिने खोकं फोडलं आणि यंत्र त्याच्या हातात दिलं. "घाल पत्ता."

त्याने रस्त्याचं नाव घातलं. घराच्या नंबरापाशी बोट थबकलं. नोरीन खिडकीबाहेर बघत राहिली, पण कान सगळे तिकडेच. बऱ्याच वेळाने टकटक ऐकू आली.

"बरोबर आहे का बघ," तो म्हणाला.

बरोबर होतं.

"सोमवारी डॉक्टरकडे जायचं. मीही येणार," असं म्हणून तिने गाडी सुरू केली. क्लॅरीने कधी नव्हे तो मुकाट्याने बाजूच्या सीटचा पट्टा लावला.