चौदा पोरं आणि तेरा पायल्या

माझा आवाज मोठा आहे आणि जीभ त्याहून मोठी, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून कुणी म्हणायला नको की विमल पगारे बाईंनी भर सभेत तमाशा केला. केलाच. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

माझे वडील नाशिक रोडला प्रेसमध्ये कामाला, आम्ही कॉलनीत वाढलेलो. मला नोकरी लागली ती मात्र पार उंबरदरीला. हरसूलला एसटीतून उतरायचं आणि पुढे चार मैल डोंगर तुडवायचा. शाळा सातवीपर्यंत. दोन शिक्षकांची म्हणायची, पण दुसरे गुरुजी महिन्यातले पंधरा दिवस रजेवर आणि उरलेले पंधरा दिवस रजा कशी मिळवायची या विचारात. म्हणजे शाळा माझ्याच गळ्यात. मलाही ते बरंच होतं म्हणा. कुणाशी वाद घालावा लागत नसे.

मी सांगतेय ती गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. त्या वर्षी जिल्ह्यात एकच भांडण गाजत होतं. तोवर सातवीचे पेपर ज्याच्या त्याच्या केंद्रात निघायचे. आता परीक्षा समितीनं ठरवलं की सगळ्या जिल्ह्याला एकच पेपर. शहरातली मंडळी म्हणाली, शाब्बास, सगळ्यांना एकच माप हवं. आमच्या डोंगरातले समितीचे सभासद धोंडीराम अण्णा म्हणाले, हा अन्याय आहे, आमच्या पोरांना वेगळा आणि सोपा पेपर काढा. सभा झाल्या, मोर्चे झाले, वर्तमानपत्रांत पत्रं आली. आणि मी? मी उंबरदरीची बाई असून एका पेपराच्या बाजूची. अण्णांच्या माणसांनी मला तोंडावर सांगितलं, "बाई, तुम्ही आमच्यातल्या नाही, म्हणून असं बोलता."

"मी वर्गात शेवटच्या बाकावर बसून शिकले," मी म्हटलं. "कुणातली आहे ते मला शिकवू नका. सवलत वेगळी आणि हलका पेपर वेगळा. सवलतीनं दार उघडतं. हलक्या पेपरानं पोराच्या कपाळावर शिक्का बसतो की याला कमी येतं."

तर त्या वर्षी सामाईक पेपर झाला. माझी चौदा पोरं हरसूलच्या केंद्रावर बसली. त्यात नवसा होती. साळूबाईची पोरगी, बाप नाही, अंगानं काडी आणि डोकं असं की मी फळ्यावर गणित मांडेपर्यंत हिचं उत्तर तयार. नाशिकला मुलींच्या सरकारी वसतिगृहात एका जागेसाठी मी तिचा अर्ज भरला होता. सातवीचा निकाल जोडायचा होता, आणि पंधरा जूनला यादी बंद होणार होती. आमच्याकडे आठवीची शाळाच नव्हती. जागा गेली की नवसा पुन्हा शेरडांमागे, एवढा साधा हिशोब होता.

निकाल लागला आणि उंबरदरीच्या नावापुढे छापून आलं, राखून ठेवला. दोन दिवसांनी पत्र आलं. गणिताच्या पेपरात सामूहिक कॉपीचा संशय. पहिल्याच प्रश्नाला चौदाही मुलांचं उत्तर एकच, आणि तेही चुकीचं.

तो प्रश्न मला आजही पाठ आहे. पोरांची भीती मोडावी म्हणून मुद्दाम सोपा घातलेला, दोन मार्कांचा. रामजीने खळ्यावर आपला भात मोजून घेतला. तो वीस पायल्या भरला. त्यापैकी आठ पायल्या त्याने भावाला दिल्या, तर त्याच्याकडे किती पायल्या भात उरला?

दुसरीतलं पोर सांगेल, बारा. माझ्या चौदा दिवट्यांनी लिहिलं होतं, तेरा.

माझं डोकंच फिरलं. मी वर्षभर घसा फोडला, व्याजाची गणितं घोटून घेतली, आणि यांनी विसातून आठ वजा करताना माती खाल्ली? बरं, एकानं खाल्ली असती तर समजले असते. चौदांनी एकसारखी? मी सगळ्यांना शाळेच्या ओट्यावर उभं केलं. "कुणी कुणाचं बघितलं? खरं सांगा!" नवसा तेवढी पुढे आली.

"बाई, आमी चोरी नाय केली."

"मग तेरा काय आभाळातनं पडले? तूसुद्धा, नवसा? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. चोर आहेस तू!"

ती काही तरी बोलायला गेली. मी म्हटलं, "गप्प बैस." ती गप्प बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला ते पाणीही खोटं वाटलं. रागावले की मला समोरचं दिसत नाही, हा माझा जुना रोग.

चार दिवसांनी धोंडीराम अण्णांचा निरोप आला आणि मागोमाग अण्णा स्वतः आले, जीपमधून. माणूस वाईट नव्हता. डोंगरासाठी झिजलेला होता, पण भाषण करता करता समोरच्याचं ऐकायचं विसरलेला. त्यांनी टाइप केलेला कागद माझ्यापुढे ठेवला. उंबरदरीच्या मुलांना सामाईक पेपर झेपत नाही, वीस वजा आठ हेही त्यांना जमत नाही, सबब डोंगरी शाळांना वेगळा पेपर मिळावा, अशी माझ्या सहीनं विनंती.

"बाई, सही करा. कॉपीचं प्रकरण मी मिटवतो. पोरांना वेगळ्या पेपरावर पास करून घेऊ. तुमच्या त्या मुलीची जागाही पक्की. शब्द देतो."

"आणि नाही केली तर?"

"तर बुधवारी समितीपुढं सुनावणी. निकाल रद्द, वर तुमची चौकशी. पंधरा तारीख लांब नाही, बाई."

मी कागद हातात घेतला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझा हात पेनाकडे गेला. नवसाची जागा माझ्या मुठीत होती. पण सही करायच्या आधी तिच्या आईला विचारणं भाग होतं, म्हणून कागद घेऊन तडक साळूबाईच्या घरी गेले.

साळूबाईचा भाऊ त्याच दिवशी भाताचं पोतं घेऊन आला होता, आणि ती ते पायलीनं मोजून कणगीत ओतत होती. मी दारात उभी राहिले. तिनं पहिली पायली भरली, कपाळाला लावली, कणगीत ओतली आणि म्हणाली, "लाभ." मग दुसरी भरली. "एक." मग तिसरी. "दोन."

"साळूबाई," मी म्हटलं, "तुम्ही मोजायला चुकलात. ही तिसरी."

ती हसली. "नाय बाई. पैली लाभाची. ती मोजीत नाय."

"मग वीस मोजल्या की कणगीत किती?"

"एकईस. येवढं बी ठावं नाय व्हय मास्तरनीला?"

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. "आणि त्यातून आठ भावाला दिल्या तर? तेव्हाही लाभाची एक वेगळी?"

"देताना कशापायी? घरची बरकत कुणी भायेर घालवतं व्हय? देताना आठ म्हंजी आठच."

एकविसातून आठ. तेरा.

चार वर्षं मी त्या गावात राहत होते आणि दुकानातून किलोवर तांदूळ आणून खात होते. पुस्तकातला रामजी मी शिकवला, पण खळ्यावरचा रामजी माझ्यापेक्षा माझ्या पोरांना जास्त ठाऊक होता. त्यांनी पेपरात भात वाचला आणि भात मोजला. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

मी साळूबाईला अण्णांचा कागद वाचून दाखवला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकले.

"बाई, सही नगा करू. पोरगी शेरडं राखील, पर तिला काय येत नाय असं लिवून द्यायचं नाय."

बुधवारी साळूबाई, नवसा आणि मी, आम्ही तिघी नाशिकला गेलो. समितीची खोली मोठी, टेबल त्याहून मोठं. मधोमध अध्यक्ष, बाजूला सभासद, एका टोकाला धोंडीराम अण्णा. आम्ही उभ्याच. आणि आमची सुनावणी राहिली बाजूला, त्यांचं आपसातच जुंपलं. एक म्हणाला, एकच पेपर ठेवला म्हणून तर कॉपी सापडली. अण्णा म्हणाले, एकच पेपर ठेवला म्हणून तर लेकरांवर कॉपीची पाळी आली. दोन्ही बाजूंना माझी पोरं चोर ठरलेलीच होती. वाद फक्त चोरी कुणाच्या उपयोगाची, एवढाच.

माझा आवाज सुटला. "जरा थांबा हो! तुमचं भांडण वर्षभर चाललंय, आणखी पाच वर्षं चालेल. या पोरीची यादी पंधरा तारखेला बंद होतेय!"

अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, आवाज खाली."

"खाली येत नाही, साहेब, जन्मापासून असाच आहे. मी सांगते तेरा कुठून आले ते." आणि मी लाभाची पायली सांगितली.

एक सभासद हसला. "गोष्ट छान रचलीत."

मी आता काय करणार होते? साळूबाई नवसाची आई, मी पोरांची मास्तरीण. आमचं कोण खरं मानणार? तेवढ्यात समितीचा शिपाई पाण्याचा ट्रे घेऊन आत आला. वयस्कर माणूस, डोक्याला मुंडासं. अध्यक्षांनी मघाशी त्याला कोंडाजी म्हणून हाक मारलेली मी ऐकली होती.

"कोंडाजी मामा," मी म्हटलं, "गाव कोणतं तुमचं?"

"पेठंच्या अंगाला, बाई."

"खळ्यावर भात मोजून घरात घेतला, वीस पायल्या. आठ भावाला दिल्या. घरात राहिल्या किती?"

ट्रे हातात तसाच धरून, क्षणभरही न थांबता तो म्हणाला, "तेरा." मग सगळे आपल्याकडेच बघताहेत हे पाहून बिचारा घाबरला. "काय चुकलं का, साहेब? लाभाची धरून तेरा व्हत्यात."

हसणारा सभासद टेबलावरचे कागद सारखे करू लागला. अध्यक्षांनी नवसाला पुढे बोलावलं.

"मुली, वीस वजा आठ किती?"

"बारा."

"मग पेपरात तेरा का लिहिलंस?"

"पेपरात भात व्हता, साहेब," नवसा म्हणाली.

अध्यक्षांनी कारकुनाला सांगितलं की कॉपीचा शेरा काढा, निकाल आजच जाहीर करा आणि वसतिगृहाला तसं पत्र द्या. माझा जीव भांड्यात पडला. साळूबाईनं हात जोडले. धोंडीराम अण्णा उठून म्हणाले, "साहेब, त्यांच्या रीतीनं उत्तर बरोबर आहे. मग ते दोन मार्कही मुलांना द्या."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"देऊ नका," मी म्हटलं. "पेपर सगळ्या जिल्ह्याचा आहे. जिल्ह्यात बारा तर उंबरदरीतही बारा. मार्क कापा, पण चोर म्हणू नका. आणि पुढच्या वेळी पेपर काढताना डोंगरातला एक तरी मास्तर सोबत बसवा. पेपर एकच ठेवा, काढणारे वाढवा."

अण्णा माझ्याकडे बघून मान हलवत राहिले. ते पटलं म्हणून की माझ्यापुढं हात टेकले म्हणून, ते मला आजतागायत कळलं नाही. कारकुनानं यादी वाचली. दोन मार्क वजा करून नवसा केंद्रात पहिली होती.

जिन्यावरून उतरताना मी तिला थांबवलं. साळूबाई पुढे गेली होती. सगळ्या खोलीला सुनावून आलेला माझा आवाज आता आपोआप खाली आला.

"नवसा, मी तुला चोर म्हणाले. चुकले मी. मला माफ कर."

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, मी तवाच सांगत व्हते, लाभाची पायली. तुमी गप बस म्हनाला."

"हो."

"आज साहेबांनी इचारलं, का लिवलं. तुमी इचारलंच नाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी पदर तोंडाला लावून तिथंच जिन्यात रडले, आणि ती पोर माझा हात धरून उभी राहिली.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं शिकवलं. चुकलेल्या गणितावर फुली मारायच्या आधी पोराला जवळ बोलावलं आणि विचारलं, बाळा, हे कसं आलं? मग त्याचं सगळं ऐकून घेतलं. आणि फुली मारलीच.