कपिलचं वय

पलूसला खताच्या दुकानावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. व्हायरस पायातून येतो असं नानासो सरांचं ठाम मत, म्हणून चपला खाली युरियाच्या पोत्यांजवळ काढायच्या. कपिलच्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी त्याची आई, येसूकाकू, घरापासून अनवाणीच आली. सरांना तिची शिस्त आवडली.

कपिल माझा जोडीदार. एका मशीनवर आम्ही दोघं. उसाच्या ट्रॉलीखाली गेला.

"पोरगं हितं काय करत हुतं, तेवढं बघू दे," काकू म्हणाली.

सोमवारी नवी बॅच येणार, त्याआधी सर मशीनवरचं सगळं पुसणार होते. कपिलचा प्रोग्राम आत होता, पण तो मशीनच्या भाषेत आणणाऱ्या कंपायलरशिवाय चालायचा नाही. मी कमांड दिली.

"काय म्हनतोय?"

"कंपायलर सापडत न्हाई म्हनतोय, काकू."

सापडणार कसा? दसऱ्याला सरांनी साताऱ्याहून वास्तुवाले आणले होते. त्यांनी टेबल पूर्वेला फिरवलं आणि म्हणाले, आता आतलं बघू. सी ड्राइव्ह दक्षिणेला पडतो असं निघालं. मग कंपायलर उचलून डी ड्राइव्हवर, 'शुभ' नावाच्या डिरेक्टरीत नेला. मशीनला मात्र कुणी कळवलं नाही. नव्या जागेचा पत्ता, म्हणजे पाथ, कपिल रोज सकाळी हाताने टाइप करायचा. बंद केलं की मशीन विसरायचं. एकदा कायमचा लिहून टाकू, असं आम्ही रोज म्हणायचो.

मी आठवून आठवून पाथ टाइप केला. प्रोग्राम चालला. त्याने नाव विचारलं, मग जन्मसाल.

"तुमचं सांगा, काकू."

"माजं कुनाला ठावं? त्येचंच घाल."

घातलं. पडद्यावर उमटलं: कपिल, तुझं वय बावीस.

काकू वाकून बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं.

"आन् फुडच्या वर्साला?"

"तेवीस सांगंल."

"त्येच्या फुडं?"

"चोवीस. त्येला निस्ती तारीख कळती, काकू. बाकी काय न्हाई."

सर मागे येऊन उभे होते. म्हणाले, "एवढा एक राहू दे का, येसूबाई? नाही पुसत."

"नगं सर. पुसा." तिने पडद्यावरून एकदा हात फिरवला. "न्हाईतर हितं एकटंच मोठं हुईत बसंल."

मी मशीन बंद केलं.

खाली आल्यावर काकू चपला शोधायला लागली. मीही शोधायला लागलो. युरियाची पोती हलवून, पार मागच्या भिंतीपर्यंत.