नको तिथे उमटलेला जांभळा रंग

मित्रांनो, कपाटावर प्लास्टिकच्या टोपीखाली झाकून ठेवलेला जो जुना सूक्ष्मदर्शक तुम्हाला दिसतो, तो मी. मला डोळे लावायला दोन नळ्या आहेत, त्यामुळे माझ्यातून पाहिलेली वस्तू सपाट दिसत नाही. कारागिरांनी माझी भिंगे घासून घासून घडवली आणि मी या प्रयोगशाळेत आलो. इथे उंदरांच्या गर्भांवर संशोधन चाले. शेंगदाण्याएवढ्या जिवात हाडे कशी धरतात, रक्तवाहिन्या कशा फुटतात, हे दाखवणे माझे काम होते.

प्रयोगशाळा बाईंची. बाई शिस्तीच्या कडक, पण माझ्या बाबतीत हळव्या. त्यांनी एका जनुकाचा छडा लावला होता. जनुक म्हणजे पेशीतली एक सूचना. ती असते सगळीकडे, पण जागी होते ठरावीक ठिकाणीच. ती जागी असेल तिथे जांभळा रंग उमटावा, अशी युक्ती बाईंकडे होती. माझ्याखालच्या गर्भांत तो रंग हाडांच्या जागी उमटे. हे हाडांचे जनुक, असे बाईंनी सांगितले आणि साऱ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवसांत माझाही भाव वधारला. पाहुणे आले की बाई म्हणत, "हे सगळं यानं दाखवलं."

पुढे कॅमेऱ्याचे नवे यंत्र आले आणि मी खिडकीजवळच्या कोपऱ्यात धूळ खात पडलो.

बाईंच्या धाकट्या भावाच्या मुलीला एक विचित्र आजार होता. जिथे हाड नको, त्या स्नायूंतही तिचे हाड वाढे. एक खांदा तर जखडूनच गेला होता. बाईंच्या शोधावरून हे जनुक झोपवणारे औषध तयार झाले होते. इस्पितळात ज्या मुलांना ते प्रथम देऊन पाहायचे होते, त्यांत ही भाचीही होती. भाऊ येता-जाता विचारी, "ताई, कधी?"

बाईंच्या हाताखाली एक विद्यार्थिनी होती. पाय एका जागी ठरत नसत, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. तिने हाडे धरण्याच्याही आधीचे, अगदी कोवळे गर्भ घेतले. तिथे रंग दिसणारच नाही, अशी सर्वांची खात्री होती. म्हणून आजवर कोणी पाहिलेच नव्हते. नवे यंत्र दुसऱ्याच्या कामात अडकले होते, तेव्हा ती माझ्याकडे आली.

तिने डोळे लावले आणि ती चुळबुळी मुलगी जागच्या जागी थिजली. हाडाचा पत्ता नव्हता, पण जांभळा रंग होता. पाठीलगतच्या मोठ्या रक्तवाहिनीवर होता, त्या वाहिनीच्या केसाहून बारीक फांद्यांवर होता. तिने सगळे पुन्हा करून पाहिले. पुन्हा तेच. मग तिने ज्यांच्यात हे जनुक सुरुवातीपासून मुद्दाम बंद केले होते, ते गर्भ दुसऱ्या बशीत घेऊन माझ्याखाली ठेवले. त्यांच्या कातडीखाली रक्त सांडले होते.

मित्रांनो, मीसुद्धा हादरलो. एवढी वर्षे मी गर्भच पाहत आलो होतो, पण असले काही माझ्यापुढे कधी आले नव्हते.

"बाई, जरा येता?" जांभळ्या रंगाची बशी पुन्हा माझ्याखाली ठेवत तिने हाक मारली.

बाईंनी वाकून पाहिले. "रंग पसरला असेल गं."

"मलाही तसंच वाटलं. दोनदा केलं. आता ही बशी बघा, यांच्यात जनुक बंद आहे."

बाई पुन्हा वाकल्या. त्यांच्या श्वासाने माझ्या काचा धुरकटल्या.

"रक्तवाहिन्या फुटल्यात," त्या म्हणाल्या. "आणि आपण हे औषध पोरांना..." त्यांनी लगेच इस्पितळात फोन लावला आणि औषध थांबवायला सांगितले.

संध्याकाळी भाऊ आला. "ताई, हे हाडांचं जनुक आहे, असं तूच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. मी अर्धंच पाहिलं होतं."

"पण हे उंदीर आहेत. माझी पोर उंदीर नाही."

"वाढत्या पोरांतही नव्या रक्तवाहिन्या फुटतच असतात रे. तिथेही हे जागं असलं तर? तू स्वतः बघ."

त्याने पाहिले. "तिला काय सांगू मी?"

"मी सांगते. आत्या आहे मी तिची."

पुढे इतर प्रयोगशाळांनीही तपासले. माणसांतही तसेच होते. बाईंची भीती खरी ठरली. दुसऱ्या औषधाचा शोध सुरू झाला, पण ते अजून हाती आलेले नाही. भाचीचा दुसरा खांदाही आता वळत नाही.

एकदा ती इथे आली. तिला मान वाकवता येईना, म्हणून बाईंनी मला पुस्तकांच्या थप्पीवर चढवून तिच्या डोळ्यांसमोर आणले. ती जांभळ्या फांद्या पाहत राहिली.

"आत्या, माझ्यात पण असंच आहे?"

"हो."

"मग बरं झालं, तू थांबवलंस."

बाईंनी माझे चाक हळूच फिरवून चित्र आणखी स्पष्ट केले.

मित्रांनो, नुसत्या झाकून ठेवलेल्या भिंगांवर बुरशी चढते. तेव्हा अधूनमधून माझी टोपी काढा, दिवा लावा. आणि जिथे काही नसणारच असे सगळे म्हणतात, ते एकदा तरी माझ्याखाली ठेवा.